सामान घरीच हाय

देवीदासभाऊंची आणि माझी ओळख झाली तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. उंची विचारली. मी बदली होऊन नेरच्या शाळेत रुजू झालो होतो आणि डोक्यावर गादी घेऊन त्यांच्या शेजारच्या खोलीच्या दारात उभा होतो.

"हाईट किती असन सर तुमची?"

"पाच फूट दहा."

त्यांनी मला वरून खालपर्यंत न्याहाळलं. "सात फुटाचा बांबू पुरन," असं स्वतःशीच पुटपुटले आणि गादीचं दुसरं टोक धरून आत आले.

बांबू कशासाठी ते मला चार दिवसांनी कळलं, आणि त्या रात्री मी गादीवर जरा अंग चोरूनच झोपलो. भाऊ पिठाची चक्की चालवतात, पण ते आपलं म्हणायला. त्यांचं खरं काम मयतीचं. गावात कोणी गेलं, की घरच्यांनी नुसतं रडायचं. बाकी सगळं भाऊ बघतात. बांबू, सुतळी, पांढरं कापड, मडकं, गोवऱ्या, सगळा साठा त्यांच्या मागच्या अंगणात तयार. निरोप आला की ते चक्कीचं बटण बंद करतात आणि गमछा खांद्यावर टाकून निघतात. दळण अर्धं झालेलं असो, पाव झालेलं असो. त्यामुळे गावात मयत झाली की दोन घरी चूल पेटत नाही: एक मेलेल्याच्या, आणि दुसरी ज्याचे गहू चक्कीत अडकले त्याच्या.

जातपात, श्रीमंत-गरीब हा भेद त्यांना ठाऊक नाही. मोहल्ल्यात जनाजा निघाला तर डोक्याला रुमाल बांधून तिथेही खांदा द्यायला हजर. तिरडी बांधताना मात्र त्यांचा तोरा पाहावा. "सैल गाठ नोका मारू रे! म्हातारा रस्त्यात खाली आला तं पह्यले तुमालेच जाब विचारन."

माणूस इतका भला, पण कुठे काय बोलावं याचा पोच शून्य. आजाऱ्याला भेटायला गेले की उशाशी बसतात, हात हातात घेतात आणि मनापासून धीर देतात, "घाबराचं काई काम नाई जी. सामान सारं घरीच हाय." आमचे हेडमास्तर टायफॉइडने महिनाभर अंथरुणावर होते. भाऊ भेटून गेले आणि दुसऱ्या दिवशी हेडमास्तर शाळेत हजर.

या सगळ्याचा फटका बसला तो प्रणालीला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला. पोरगी गुणी, बीएस्सी झालेली. पण दोन स्थळं आली आणि चहा पिऊन गेली ती गेलीच. एकांनी तर निरोपच धाडला, "मसणातल्या माणसाची सोयरीक नको." तेव्हापासून भाऊंच्या पत्नी शकुंतलावहिनी त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. त्यात बाभुळगावचं तिसरं स्थळ आलं. मुलाचं कृषी केंद्र, घरदार चांगलं, आणि प्रणालीला फोटोतला मुलगा आवडलेला. हेही मोडलं तर पोरगी पुन्हा कोणासमोर बसायची नाही, हे सगळ्या घराला माहीत होतं.

वहिनींनी भाऊंचा मोबाइल तांदळाच्या डब्यात घातला. "आज गावात कोणीबी मरो, तुमी हलाचं नाई. आन् तोंड बंद ठेवाचं."

भाऊंनी शब्द पाळला. मीही मदतीला होतो. पाहुण्यांना हात धुवायला मागचं अंगण मोकळं हवं म्हणून भाऊंनी सकाळीच ते स्वच्छ झाडलं, आणि तिथलं सगळं सामान पुढच्या ओसरीवर आणून अगदी नीट मांडून ठेवलं. हिरवे बांबू उभे, शेजारी मडकं, खाली गोवऱ्या. मग पांढरंशुभ्र धोतर-सदरा घालून ते दारात हात जोडून उभे राहिले. गप्प. आम्ही चार शेजारी खुर्च्या टाकून बसलो होतो. आम्हीही गप्प, कारण वहिनींनी आम्हालाही दम दिला होता.

पाहुणे फाटकातून आत आले आणि थबकले. मुलाच्या वडिलांनी हातातला पेढ्यांचा डबा हळूच पिशवीत सरकवला. सगळे येऊन खाली मान घालून बसले. कोणी एक अक्षर बोलेना. चहा आला तर मुलाचे वडील म्हणाले, "नाई जी, अशा वक्ती चहा कायले?" दहा मिनिटांनी उठले, भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि "येतो"सुद्धा न म्हणता निघून गेले.

भाऊंनी फाटक लावून घेतलं. मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"सर, हे बसनं पोरगी पाहाचं नाई. हे मयतीचं बसनं होय."

त्यांच्याइतकं ते ओळखणारं दुसरं कोण होतं?

आम्ही स्टँडकडे धावलो. पाहुणे यवतमाळच्या गाडीची वाट पाहत होते. भाऊ त्यांच्यासमोर उभे राहिले, हात जोडले, आणि त्यांना बोलताच येईना. सरणाच्या लाकडांसाठी डेपोच्या बाबूवर ओरडणारा हा माणूस, दुसऱ्याच्या कामासाठी कोणाच्याही दारात जाऊन बसणारा. "माही पोरगी..." एवढंच म्हणाले. आजवर स्वतःसाठी त्यांनी कोणाकडे काही मागितलंच नव्हतं, मग मागायचं कसं ते येणार कुठून? मला त्यांची इतकी कीव आली की मीच तोंड उघडलं. बांबूंपासून तांदळाच्या डब्यापर्यंत सगळं सांगून टाकलं.

मुलाचे वडील आधी माझ्याकडे बघतच राहिले, मग हसता हसता बाकावर बसले. "अरे देवा! म्या मनात म्हटलं, पोरीची आजी गेली असन! चला, चहा पिऊ आता."

परत आल्यावर बैठक रंगली. मुलाला मुलगी पसंत पडली, मुलीला मुलगा. शेवटी मुलाचे वडील भाऊंना म्हणाले, "आमाले काई नको जी. तुमचं काई म्हननं असन तं सांगा."

भाऊंनी मुलाला वरून खालपर्यंत न्याहाळलं. मला वाटलं, आता हे मुलाची उंची विचारतात.

"मी मयतीवरून आलो का मांगच्या दारी ऊन पान्याची बादली भरून असते," ते म्हणाले. "सांगा लागत नाई. सातवीत होती तवापासून पोरगी ठेवते. आंघोळ होईतो दारातच उभी राह्यते. कोन गेलं बाबा, इचारते. घरात दुसरं कोनी इचारत नाई." ते पाहुण्यांकडे वळले. "तुमच्या घरी ती कधी थकून आली, तं तिच्यासाठीबी कोनी बादलीभर पानी तापवजा. इतलंच."

मुलाने हातातली बशी खाली ठेवली. तो म्हणाला, "मी तापवत जाईन."

भाऊ सगळ्यांसमोर रडायला लागले. रडणाऱ्याला सावरायचं काम आमच्या गावात त्यांचंच, त्यामुळे त्यांना कसं सावरावं हे आम्हा कोणालाच कळेना. शेवटी प्रणाली आतून आली आणि पाहुण्यांची लाज न धरता त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली.