सगळं गेलं असं वाटलं तर

चहाला उठण्याआधी वानखेडे कंट्रोल दाबून सी, मग यू, मग ई अशा कळा बडवायचे, पडद्याकडे बघून "हं, सारे आपापल्या जागी हायेत" म्हणायचे आणि मगच खुर्ची सोडायचे. एकदा आगीची घंटा वाजली. आम्ही सगळे जिन्यात, हे अजून 'ई'वर.

हडपसरच्या आमच्या कंपनीत ते सॉफ्टवेअरचं मॅन्युअल लिहीत. तेव्हा ते सीडीवर जायचं. प्रत्येक पानाच्या माथ्यावर तीन नावं: मागचं पान, पुढचं पान आणि वरचं, म्हणजे हे ज्या प्रकरणात येतं ते. मध्ये एक पान घुसडलं की शेजाऱ्यांचे पत्ते चुकलेच. त्या कळा दाबल्या की एडिटर, म्हणजे लिहिण्याचा प्रोग्रॅम, सगळे पत्ते पुन्हा जुळवायचा. वानखेड्यांना ही शिस्त जगालाच लावायची होती. नव्याने रुजू झालेल्या पोराला ते विचारत, "तुमच्या वर कोन?"

"पंखा, सर."

मंडईत माझ्यासमोर त्यांनी भाजीवालीला विचारलं, "कोथिंबीर भाजीत धरता का मसाल्यात?"

"पिशवीत. पुढं सरका."

एडिटर अनुक्रमही स्वतःच तयार करी. पण प्रत्येक नावापुढची एका ओळीची ओळख मात्र हातानेच लिहावी लागे. "नाव मशीन टाकते, ओळख मानसानं द्या लागते," हे त्यांचं यवतमाळी ठसक्यातलं ब्रीद. आम्ही लिहायचो, 'छपाई: छपाईविषयी माहिती.' ते कागद परत आणून टेबलावर आपटत. "मंग कांदा म्हंजे काय? कांद्याविषयी माहिती?"

एके दिवशी संध्याकाळी सीडी जायची होती. आमच्या मॅनेजर साने मॅडम अनुक्रम वाचता वाचता 'बॅकअप परत आणणे'पाशी थांबल्या. पुढे वानखेड्यांची इंग्रजी ओळ होती. तिचा अर्थ असा: 'सगळं गेलं असं वाटलं तर आधी इथे या. बहुतेक गेलेलं नसतं.'

"हे काय? गिऱ्हाईक घाबरेल."

"घाबरलेलंच येईल ना, मॅडम."

"काढा ती ओळ."

"नाही काढनार."

मॅडम म्हणाल्या, "वानखेडे, मग मी मॅन्युअल दुसऱ्याकडे देते."

"द्या. पन ओळ राहू द्या."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "एवढं काय आहे हो त्या ओळीत?"

वानखेडे टेबलाकडे बघत बोलले. "मी पुन्यात नवा होतो. याच हापिसात. एक कळ चुकली अन् टीमची फाइल गायब. सारे जेवाले गेलते. मॅन्युअल समोर होतं, पन जे झालं त्याचं नावच मले ठाऊक नाही, तर पाहू कुठं? अन् इचारू कोनाले? इथं आधी माह्या बोलन्यावर हसत, मंग उत्तर देत. म्हनून नाही इचारलं. पयल्या पानापासून वाचत गेलो."

"सापडलं?"

"सापडलं. शेवटून दुसऱ्या प्रकरनात."

मॅडमनी ओळ पुन्हा वाचली. "मग हे 'बहुतेक' तरी कशाला? घाबरलेल्या माणसाला कशाला हवंय 'बहुतेक'?"

"खोटं कसं लिहू, मॅडम? कधी कधी जातेच."

"राहू दे," मॅडम म्हणाल्या आणि पान उलटलं.

मी मुळात कमी बोलणारा. बैठकीत तर तोंडच उघडत नाही. वानखेडे नवे होते तेव्हा मी त्याच खोलीत बसायचो. हसणाऱ्यांत मी होतो का, हे मला आठवत नाही. आठवत नाही म्हणजे त्या वेळी ते मला इतकं किरकोळ वाटलं असणार. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

जेवणाच्या सुट्टीत सगळे कॅन्टीनला गेले. वानखेडे नेहमीप्रमाणे जागेवरच डबा सोडत होते. मी माझा डबा घेऊन गेलो आणि समोर खुर्ची ओढली. त्यांनी कीबोर्ड बाजूला सरकवला. भाकरीबरोबर लालभडक ठेचा होता. मी हात पुढे केला तसा त्यांनी झटकन त्यावर झाकण धरलं.

"थांबा भाऊ," ते म्हणाले आणि दह्याची एकुलती एक वाटी माझ्याकडे सरकवली. "आधी हे घ्या. तुमाले सोसनार नाही."