प्रमुख वक्ते: हिमखंड

नांदूरखेड्याच्या उन्हाळी व्याख्यानमालेचं शेवटचं पुष्प यंदा अंटार्क्टिकाहून आलेला एक हिमखंड गुंफणार होता, आणि त्याच्या जेवणाचं काय करायचं यावर समितीची लांबलचक बैठक झाली. पाहुणा काही खात नाही असं आधीच कळवण्यात आलं होतं. पण नांदूरखेड्यातून पाहुणा उपाशी गेला असं आजवर कधी झालेलं नाही. शेवटी त्याच्या नावानं पान वाढायचं आणि ते सचिव नारखेडे सरांनी संपवायचं, असा ठराव एकमतानं मंजूर झाला.

हिमखंडाबरोबर कुमुदताई भारंबे येणार होत्या. त्या मूळच्या याच तालुक्यातल्या. दक्षिण ध्रुवापर्यंत एकट्या चालत गेलेल्या, सामानाची घसरगाडी कमरेला बांधून. परत आल्यापासून त्या गावोगाव 'टिकून राहा' या विषयावर बोलत. कॉलेजं झाली, बँका झाल्या, साखर कारखाने झाले, एकदा तर वरपक्षाच्या आग्रहावरून एका लग्नातही बोलून झालं. बर्फानं पायाचा अंगठा गेला तो प्रसंग आला की हमखास टाळ्या पडत. त्या टाळ्यांचा त्यांना अलीकडे वीट आला होता, पण अंगठा गेलाच आहे तर सांगायला काय हरकत, असं त्या म्हणत.

हिमखंडाची नि त्यांची ओळख तिकडचीच. वादळात त्या त्याच्या आडोशाला तंबू ठोकून बसल्या होत्या, आणि माणूस एकटं पडलं की बोलायला लागतंच. त्या स्टोव्हला शिव्या घालत, आईला भरिताची कृती विचारत आणि आईच्या वतीनं उत्तरही आपणच देत. एक दिवस मागून आवाज आला, "बाई, वांगं भाजण्याआधी टोचे मारायचं विसरलात." तेवढ्या दिवसांत हिमखंड मराठी शिकला होता. त्याला बोलायचं पुष्कळ होतं. लाखो वर्षांची हवा पोटात कोंडलेली आणि ऐकायला कोण, तर वारा. "मला तुमच्याकडं न्या," तो म्हणाला. "एक व्याख्यान द्यायचंय. एकच, पण पूर्ण."

कुमुदताईंनी शब्द दिला, आणि घोडं अडलं ते इथंच. निघाला तेव्हा हिमखंड चांगला कपाटाएवढा होता. आइस्क्रीमच्या गाडीतून, भुशात नि गोणपाटात गुंडाळून त्या त्याला गावोगाव नेऊ लागल्या. पण प्रत्येक गावात आधी ईशस्तवन, मग स्वागतगीत, मग प्रास्ताविक, मग परिचय, मग सत्कार. नमनालाच घडाभर तेल. हिमखंड 'अध्यक्षमहाराज' म्हणून जरा पुढं सरकतो न सरकतो तोच त्याच्याखालची परात भरून वाहायला लागे, आणि कुमुदताई त्याला उचलून गाडीकडं पळत. मागून टाळ्या वाजत. पाहुण्याचा मान आपण काही कमी राखला नाही, या समाधानात प्रत्येक गाव झोपी जाई.

नांदूरखेड्याला पोचेस्तोवर तो उशीएवढा उरला होता. पुढच्या गावाला पुरेल इतका तो नव्हताच. आणि व्याख्यानात काय आहे ते कुमुदताईंनाही ठाऊक नव्हतं. कितीदा विचारलं तरी तो म्हणे, "आधी सांगितलं की शिळं होतं."

दुपारी शाळेच्या ऑफिसात, कूलरसमोर परात ठेवून, कुमुदताईंनी नारखेडे सरांकडं विषय काढला.

"सर, एक विनंती आहे. आज यांना पहिल्यांदा बोलू द्या. बाकी सगळं नंतर."

नारखेडे सरांचा चेहरा उतरला. ते भले गृहस्थ होते. "ताई, पहिल्यांदा कोण बोलतं? माइक चालू आहे का ते बघणारा. प्रमुख वक्त्यांना पहिल्यांदा उभं केलं तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

"ते विरघळताहेत, सर."

"दिसतंय ना. म्हणूनच आम्ही स्वागतगीताचं एक कडवं कमी केलंय."

"मग कार्यक्रमच उलटा करा. आभारापासून सुरुवात करा."

सरांनी बोटांवर हिशेब केला. सूचना त्यांना मनापासून आवडली होती. "पण उलटा केला तरी आभारानंतर अध्यक्षीय समारोप येतो, ताई, आणि मग प्रमुख वक्ते. म्हणजे अप्पासाहेब आधी बोलणार."

अप्पासाहेब वारके जिनिंग फॅक्टरीचे मालक आणि व्याख्यानमालेचे तहहयात अध्यक्ष. ते आधी बोलले तर हिमखंडच काय, डोंगरसुद्धा उरला नसता.

"उगीच भांडू नका," परातीतून हिमखंड म्हणाला. "मी पहिल्यांदा बोलणार नाही."

"का पण?" कुमुदताईंनी विचारलं.

"पहिला बोलतो त्याचं कोण ऐकतं? लोक तेव्हा रुमाल टाकून जागा धरत असतात. एवढी गावं बघितली मी. मोठा माणूस शेवटी बोलतो."

"शेवटापर्यंत तुम्ही असाल का?"

"टिकून राहीन. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना."

कुमुदताईंना राग आला आणि रागाच्या पोटात भीती होती. "मी सांगते ते माणसांना," त्या म्हणाल्या. "माणसाला घोटभर पाणी पाजलं, सावलीत बसवलं, की ते टिकतं. तुमचं तसं नाही."

"ते तुमच्या व्याख्यानात कुठं येत नाही," हिमखंड म्हणाला.

नारखेडे सरांनी मान डोलावली. पाहुण्यांचा मुद्दा त्यांना बिनतोड वाटला.

संध्याकाळी शाळेच्या पटांगणात मांडव भरला. दिवसभर तापलेली जमीन खालून वाफ सोडत होती. बायका पदरानं आणि पुरुष कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होते. व्यासपीठावर अप्पासाहेब, नारखेडे सर, कुमुदताई आणि एका खुर्चीवर पितळी परातीत हिमखंड. दीपप्रज्वलन पाहुण्यांच्याच हस्ते व्हायचं होतं. त्यांना हात नसल्यामुळं समई त्यांच्याजवळ नेण्यात आली, आणि पाचही वाती नीट लागेपर्यंत कुणी ती मागं घेतली नाही. त्यात त्याचा एक कोपरा गेला. शाल मात्र त्याला आवडली. शालीखाली बर्फ गार राहतो. कुमुदताईंनी ती त्याच्याभोवती घट्ट आवळली, पण फोटो काढणाऱ्यानं चेहरा दिसत नाही म्हणून ती काढायला लावली.

परिचय संपला आणि कुमुदताईंना बोलायला बोलावलं. त्यांनी मनाशी ठरवलं होतं. माइकजवळ जाऊन त्या म्हणाल्या, "मी ध्रुवावर गेले. अंगठा गेला. परत आले. धन्यवाद." आणि बसल्या. अंगठ्यापाशी टाळ्या वाजवायला तयार असलेले हात तसेच राहिले. कुमुदताईंनी हिमखंडाकडं बघितलं. तो अजून शहाळ्याएवढा होता. पूर्ण व्याख्यानाला पुरला असता.

नारखेडे सर माइकपाशी आले. "ताईंनी मोठ्या मनानं वेळ वाचवला आहे," ते म्हणाले. "तेव्हा वेळेअभावी पत्रिकेत घेता आलं नव्हतं ते माजी सचिवांचं मनोगत आता ऐकू या. त्यानंतर माजी उपाध्यक्षांचं."

कुमुदताई उठून त्यांच्याजवळ गेल्या. "सर, हात जोडते. तो वेळ मी यांच्यासाठी वाचवला होता."

"त्यांच्या वेळेला हातच लावलेला नाही, ताई," सर आपुलकीनं म्हणाले. "त्यांचा वेळ पत्रिकेप्रमाणे शाबूत आहे."

वेळ शाबूत राहिला. माजी सचिव बोलले, माजी उपाध्यक्ष बोलले, आणि हिमखंडाचं नाव पुकारलं गेलं तेव्हा परातीत लिंबाएवढा खडा तरंगत होता. कुमुदताईंनी माइक काढून परातीत धरला.

"अध्यक्षमहाराज," हिमखंडाचा आवाज आला. बारीक होता, पण स्पष्ट होता. "सचिव महोदय, आजी-माजी पदाधिकारी, आणि जमलेल्या रसिक बंधू-भगिनींनो."

"सोडा ते," कुमुदताई दबक्या आवाजात म्हणाल्या. "विषयावर या."

"आलो. तर आजचा माझा विषय असा आहे, की"

आणि संपला. परातीत नुसतं पाणी राहिलं.

कुमुदताई सगळ्यांदेखत रडल्या. ध्रुवावर अंगठा काळा पडला तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. आता त्यांना रडू आवरेना, कारण दिलेला शब्द गेला होता आणि असा जीव लावणारं, वांग्याला टोचे मारायची आठवण करून देणारंही कुणी उरलं नव्हतं. नारखेडे सरांचेही डोळे भरून आले. "पाहुण्यांनी मोजक्या शब्दांत आपल्याला अंतर्मुख केलं," असं ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग सरांनी परात उचलली. नांदूरखेड्यात उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. तिथं पाणी ओतून देणाऱ्याला माणसांत धरत नाहीत. अध्यक्षांच्या टेबलावरचा तांब्या रिकामाच होता. सरांनी परातीतलं पाणी फडक्यानं गाळून तांब्यात भरलं. अप्पासाहेबांनी समारोपाला उभं राहताना भांडंभर पाणी प्यायलं, सवयीप्रमाणे डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

"की तुम्ही सोडलेला प्रत्येक श्वास माझ्याकडं ठेवलेला आहे."

आवाज हिमखंडाचा होता. कुमुदताईंनी तो तेव्हाच ओळखला. अप्पासाहेब फक्त ओठ हलवत होते, आणि मधूनमधून एकेक घोट घेत होते.

त्याच वेळी मांडवात खुर्च्या सरकायला लागल्या. अध्यक्षीय समारोप सुरू झाला की उठायचं, ही नांदूरखेड्याची जुनी रीत. त्यात कुणी अपमान मानत नाही. अप्पासाहेब तर मुळीच नाही, ते डोळे मिटूनच बोलतात.

कुमुदताई व्यासपीठावरून उतरून वाटेत आडव्या उभ्या राहिल्या. "थांबा, ते बोलताहेत. हेच त्यांचं व्याख्यान आहे."

"हो ताई, आवाजावरनं कळलं आम्हाला," एक म्हातारे गृहस्थ चप्पल शोधत म्हणाले. "पण समारोप आहे ना तो."

"बोलतात छान," त्यांच्या सुनेनं भर घातली आणि मुलाला कडेवर घेतलं. "हे आधी बोलायला हवं होतं त्यांनी."

कुमुदताईंनी आणखी दोघातिघांना हाताला धरून विनवलं. सगळे त्यांच्याशी प्रेमानं बोलले, घरी चहाला या म्हणाले, आणि गेले. मग त्या परत फिरल्या आणि पहिल्या रांगेत मधोमध, आपली बोलायची वेळ यायची असल्यासारख्या ताठ बसल्या.

व्याख्यान झालं ते पूर्ण झालं. हिमखंडानं कुणाला दोष दिला नाही. आपल्या पोटातल्या कुठल्या थरात काय ठेवलंय ते तो खालपासून वरपर्यंत सांगत गेला. तळाला नुसता स्वच्छ वारा होता. बऱ्याच वर कुणाच्या तरी चुलीचा जरासा धूर, मग ज्वालामुखीची राख, मग पुन्हा कितीतरी वर्षं काही नाही. मग गिरण्यांचा धूर, मग मोटारींचा, मग इतका की तो ठेवायला बर्फच पुरेना. शेवटी काय करायचं तेही त्यानं सांगितलं. ते अगदी सोपं होतं आणि कुणालाही जमण्यासारखं होतं. कुमुदताईंनी मागं वळून बघितलं. मांडववाला खुर्च्या एकात एक घालत होता.

"काही प्रश्न?" हिमखंडानं विचारलं.

कुमुदताईंनी हात वर केला. "आता मी गावोगाव जाऊन काय बोलू?"

अप्पासाहेबांनी तांब्या उपडा करून उरलंसुरलं भांड्यात घेतलं आणि अर्धं पिऊन टाकलं.

"थोडक्यात बोला," हिमखंड म्हणाला. मग जरा थांबून, "बाई, मला काही दिसत नाहीये. लोक होते ना शेवटपर्यंत?"

कुमुदताईंनी पुन्हा मागं वळून बघितलं नाही. "होते," त्या म्हणाल्या. "एकही उठला नाही."

"मग झालं."

अप्पासाहेबांनी उरलेला घोट संपवला, भांडं तांब्यावर पालथं घातलं आणि डोळे उघडले. "आभार झाले का?" त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात विचारलं.

आभार राहिले होते. नारखेडे सर माइकपाशी आले आणि रिकाम्या मांडवाकडं बघून त्यांनी रीतसर सुरुवात केली. मांडववाल्याचे मानले, ध्वनिक्षेपकवाल्याचे मानले, रसिक श्रोत्यांचे मानले. सगळ्यांत शेवटी, आपल्या धकाधकीतून वेळ काढून एवढ्या लांबून आल्याबद्दल त्यांनी हिमखंडसाहेबांचे मनःपूर्वक आभार मानले, आणि पुढच्या वर्षीही त्यांनी असंच अगत्यानं यावं, अशी समितीच्या वतीनं विनंती केली. एवढं बोलून ते उत्तरासाठी थांबले.

कुमुदताईंनी हिमखंडाच्या वतीनं हो म्हटलं.