वडिलांना विचारायचे सत्तेचाळीस प्रश्न

वडिलांना दिवसाकाठी सत्तेचाळीस प्रश्न विचारावे लागतात, हे मुलाने एका रविवारी खाटेशेजारी वही घेऊन बसून मोजलं. पक्षाघाताच्या झटक्यात वडिलांची वाचा गेली होती आणि उजवी बाजूही. डाव्या हातात एक चमचा असे. खाटेच्या दांडीवर एकदा वाजवला की हो, दोनदा वाजवला की नाही. जन्मभर बोलत आलेल्या माणसाची एवढीच भाषा उरली होती. उशी वर घेऊ? खाली? पंखा लावू? पाय दुखतोय? हा की तो? विचारून विचारून आईच्या घशाला कोरड पडे.

मुलगा संगणकातला, आणि त्यात नुकताच कचेरीत भाव खाऊन आलेला. तिथे एका इस्पितळाचा जुनाट डेटाबेस होता. त्यालाही एका वेळी एकच साधा प्रश्न कळे. एक यादी काढायची तर तीनशेदा विचारावं लागे आणि तोवर पडदा गोठून जाई. यानं शक्कल लढवली. सगळं एकदाच विचारून उत्तरं आपल्याजवळ साठवून ठेवली आणि तीनशे प्रश्नांचे चार केले. साहेबांनी पाठ थोपटली. आता तीच मात्रा घरी लागू पडणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

सोमवारी सकाळी त्यानं सत्तेचाळीसही प्रश्न विचारून घेतले, उत्तरांचा तक्ता केला आणि भिंतीवर डकवला. आता कुणी वडिलांना विचारायचं नाही, तक्ता बघायचा.

"अरे, माणूस आहे तो," आई म्हणाली.

"तुझाच त्रास वाचवतोय ना?" तो म्हणाला. आई थकलेली होती, ती स्वयंपाकघरात निघून गेली.

सोमवारी गारठा होता, म्हणून ब्लँकेटपुढे 'हो' होतं. दाढी आठवड्याची वाढली होती, तिथेही 'हो'. शेजारचे काका आले तर चालतील का, तर हो. गुरुवारी ऊन मी म्हणत होतं. मुलगा दुपारी घरी आला तेव्हा वडील ब्लँकेटखाली घामानं निथळत होते, न्हावी त्यांच्या गुळगुळीत गालांवर चौथ्यांदा वस्तरा फिरवून नुकताच गेला होता, आणि काका सलग चौथ्या दिवशी आपल्या गुडघ्याची कहाणी सांगत होते. वडील चमचा वाजवत सुटले होते. थांबतच नव्हते.

मुलानं घाईघाईनं तक्ता पहिल्यापासून विचारायला घेतला. सत्तेचाळीस प्रश्न, आणि प्रत्येकाला दोन टकटक.

"चमचा बदलून बघ," काकांनी सुचवलं.

आई हात पुसत आली. तिनं काकांना गोड बोलून वाटेला लावलं, ब्लँकेट काढलं आणि नवऱ्याचं कपाळ टिपत बसली. मग मुलाकडे न बघताच बोलली, "यांच्या खिडकीसमोर तो दिव्यांचा फलक लावला होता, आठवतंय तुला?"

त्याला आठवलं. वडील स्टेशनातल्या चौकशीच्या खिडकीत एकतीस वर्षं होते. गाडी कधी येणार एवढंच विचारलं, तरी किती उशीर, कुठला फलाट, पाणी कुठे मिळेल, सगळं सांगून मगच माणसाला सोडायचे. शेवटच्या वर्षी गाड्यांच्या वेळा दाखवणारा तो फलक लागला आणि खिडकीशी कुणी येईनासं झालं. वडील रोज भांग पाडून जायचे, काचेमागे बसायचे आणि घरी येऊन न बोलता जेवायचे.

"तुझ्या तक्त्यानं तेच केलं," आई म्हणाली. "चार दिवसांत कुणी त्यांना काही विचारलंच नाही."

मुलगा उठून भिंतीपाशी गेला. त्यानं तक्ता काढून घडी घालून खिशात ठेवला. बराच वेळ त्याला वडिलांच्या डोळ्यांकडे बघवेना. मग तो खाटेपाशी उकिडवा बसला.

"बाबा, सव्वाआठची गाडी वेळेवर आहे का?"

वडील त्याच्याकडे बघत राहिले. चमचा दोनदा वाजला. नाही.

तो उठणार, तोच चमचा पुन्हा वाजू लागला, सावकाश, एकेक ठोका नीट वेगळा. दोघंही मनातल्या मनात मोजत होती. विसाव्या ठोक्याला हात थांबला.

"वीस मिनिटं उशिरा?"

एक टकटक. हात मात्र खाली गेला नाही, चमचा तसाच वर धरलेला होता. मुलाला कळेना, काय राहिलं.

आईनं पदरानं डोळे पुसले. "फलाट विचार की," ती म्हणाली.