चार बोटं वर

लिंडसे म्यूरहेडची बंदूक संध्याकाळी शहाण्यासारखी वागायची आणि दुसऱ्या दिवशी डोक्यावर पडल्यासारखी. पॉइंट बावीस बोअरची साधी ससे मारायची बंदूक, सासऱ्यांकडून आलेली. संध्याकाळी मेंढ्यांच्या गोठ्यामागे पन्नास मीटरवर खोकं ठेवून लिंडसे नेम धरायचा, बंदुकीवरच्या दुर्बिणीची चकती फिरवत फिरवत गोळ्या बरोबर मधोमध आणायचा आणि खुशीत बंदूक कपाटात कुलूपबंद करायचा. दुसऱ्या दिवशी तीच बंदूक, त्याच गोळ्या, आणि भोकं चार बोटं वर.

एरवी त्याने मनावर घेतलं नसतं. पण शनिवारी गावच्या हॉलमागे खोऱ्याच्या शिकारी संघाची निवड होती. ईस्टरला न्यूझीलंडच्या ओटागो भागातले संघ सशांच्या मागे डोंगर पालथे घालतात, आणि लग्नापासून एकही ईस्टर लिंडसे संघाबाहेर राहिला नव्हता. निवडीत नापास होणाऱ्याला एप्रन बांधून चहाच्या तंबूत स्कोनना, म्हणजे चहासोबतच्या छोट्या पावांना, लोणी लावायला बसवतात. नुसत्या कल्पनेने त्याची झोप उडाली होती.

संघाचा कप्तान कॉलिन मॅकस्किमिंग शेजारच्याच रानात राहायचा. तो कुंपणावर रेलून म्हणाला, "डोळे तपासून घे बाबा एकदा."

"डोळ्यांना काय धाड भरलीय? संध्याकाळी दिसतं आणि सकाळी दिसत नाही?"

"मग स्क्रू आवळ."

लिंडसेने स्क्रू आवळले. चार बोटं वर. मग सैल केले. तरी चार बोटं वर. दुकानातून पाच कंपन्यांच्या गोळ्या आणल्या. पाचही कंपन्यांचं चार बोटांवर एकमत झालं. मग त्याने नळी आतून इतकी घासली की कॉलिनने कपाळावर हात मारला.

"अरे, बावीसची नळी कुणी अशी घासतं का? आता पुन्हा रुळायला डबाभर गोळ्या खाईल ती!"

शेवटी लिंडसेलाच कारण सुचलं. रात्री हिमकण पडतात, लाकूड आखडतं आणि नळीला खालून ढुशी देतं. त्याने पावाच्या वेष्टणाचा कागद नळी आणि लाकडाच्या फटीतून सरकवून पाहिला. अर्ध्यात अडकला. चोर सापडला म्हणून त्याला भलताच आनंद झाला. आता लाकूड तासायचं, एवढंच राहिलं होतं.

पण ते लाकूड म्हणजे सासऱ्यांचा अक्रोडाचा दस्ता. सासरे जन्मभर सरकारी ससेमारे होते. त्यांची मुलगी, म्हणजे लिंडसेची बायको रेविन मात्र दर ईस्टरला आणि त्याआधीच्या निवडीलाही गावच्या हॉलच्या दारात 'सशांनाही जीव आहे' असा फलक धरून उभी राहायची. परवाना आणि कपाटाची किल्ली तिच्याकडेही होती, पण बंदुकीला हात लावताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. तरी वडिलांच्या दस्त्याला ओरखडा गेलेला तिला खपला नसता. म्हणून लिंडसेने गॅरेजचं दार आतून लावून, कानस लावून दस्ता चोरून तासला. कागद सुळकन पार गेला.

शुक्रवारी सकाळी गोळी लागली चार बोटं वर.

त्या रात्री तो जेवायला बसला तो तोंडावर सुतक घेऊनच. रेविनने कोंबडीचा पाय वाढला. हल्ली आठवडाभर कोंबडीचाच पाय होता, आणि झकास होता. दुसऱ्या घासाला दाताखाली कट्ट झालं. लिंडसेने तोंडातून एक चेपलेला शिशाचा तुकडा काढला आणि दिव्यापाशी धरला.

"रेविन, ही कोंबडी मेली कशी?"

"कशी म्हणजे? कोंबड्या मरतात तशी."

"हिला गोळी लागलीय. बावीसची."

"तुझीच असेल. हल्ली वाटेल तिकडे मारत सुटलायस."

"अगं, माझी गोळी लागते कुठे कशाला!"

रेविनने काटा खाली ठेवला. तिचे कान लाल झाले.

"माझा अख्खा कोबी खाल्ला त्यांनी," ती म्हणाली. "आधी टाळ्या वाजवल्या. मग समजावून सांगितलं."

"सशांना?"

"हसू नकोस. मग एक दिवस तू मेंढ्यांकडे गेलास आणि मी इथून, या खिडकीतून..." तिने खिडकीखालच्या वाफ्याकडे बोट केलं. चार ढांगांवर होता. "पण इतक्या जवळून गोळी बोटभर खाली लागायची. म्हणून ती वरची चकती फिरवून नेम जरासा वर घ्यायचे."

"रोज?"

"तू रोज बिघडवून ठेवायचास ना!"

लिंडसे खुर्चीत मागे रेलला आणि पोट धरून हसला. डोळे ठीक होते, हात ठीक होते, बंदूक तर फारच गुणी होती. इतकं हलकं त्याला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. त्या भरात त्याने दस्त्याचंही कबूल करून टाकलं.

"माहितेय," रेविन म्हणाली. "भुसा कुणी झाडला असं वाटतं तुला? बोलणार होते. पण कुठल्या तोंडाने बोलू? हे बघ, उद्या हॉलवर कुणाला कळलं तर मला फलक धरायला जागा उरणार नाही."

"माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही."

शनिवारी लिंडसेच्या सगळ्या गोळ्या बशीएवढ्या वर्तुळात बसल्या. कॉलिनने खोकं उचलून उलटसुलट करून पाहिलं.

"काय केलंस रे? खरं सांग."

सगळा संघ भोवती जमला. हॉलच्या दारात फलक धरलेली रेविन एकदम ताठ झाली. लिंडसेने घसा खाकरला.

"काही नाही... नळीखालचं लाकूड जरा तासलं."

"बास? एवढंच?"

"एवढंच."

कॉलिनने मान डोलावली. बाकीच्यांनीही डोलावली आणि कधी नव्हे ते चहाला कुणीच थांबलं नाही.

संध्याकाळी रेविन खिडकी उघडून उभी होती. कॉलिनच्या गॅरेजातून आवाज येत होता, नदीपलीकडून दुसरा, डोंगराच्या पायथ्याकडून तिसरा.

"ही खरखर कसली चाललीय रे सगळीकडे?"

"संघ बंदुका सुधारतोय," लिंडसे म्हणाला आणि त्याने ससा आणखी थोडा वाढून घेतला. "आता मला तंबूत बसवायची कुणाची हिंमत आहे?"