शंभराचा बल्ब

आमचे शेजारी अण्णा भाटकर आमच्याकडे चहाला यायचे ते टप्प्याटप्प्याने. आधी फाटकाबाहेर उभे राहून आंब्याच्या कलमाकडे बघायचे. मग कडी काढून तुळशीपर्यंत. मग पायरी. पायरीवर चपला काढून पुन्हा जरा थांबायचे, मग ओटी. खुर्ची सगळ्यांत शेवटी. कडी वाजली की आमची ही आधण ठेवायची आणि अण्णा खुर्चीत टेकेपर्यंत चहा गाळून व्हायचा. मी मिरजोळ्याच्या एका कारखान्यात हिशेब बघतो, त्यामुळे अशा गोष्टी माझ्या लक्षात राहतात. दोन्हींच्या वेळेत कधी फरक पडला नाही.

"अण्णा, सरळ आत या की," मी एकदा म्हटलं.

"बंद असलेल्या वस्तूला एकदम करंट देऊ नये, भाऊ. फुटते."

अण्णांची उमर गावोगावच्या नाटकांना आणि नमन-खेळ्यांना आवाज पुरवण्यात गेली. धंदा केव्हाच बंद झाला, पण जुने वॉल्वचे अॅम्प्लिफायर दुरुस्तीला अजून त्यांच्याकडेच येतात. दुरुस्ती बहुतेक वेळा एकच, कंडेन्सर बदलणं. हल्लीची मुलं त्याला कपॅसिटर म्हणतात. तपकिरीच्या डबीसारखी वस्तू. आत ओला मसाला असतो, तो वर्षं गेली की सुकतो, डबीचं डोकं फुगतं आणि आवाजात घरघर शिरते.

माणसांकडेही अण्णा त्याच नजरेने बघत. आमच्याकडच्या एका लग्नात माझे मामा जेवणावर देखरेख करत फिरत होते. अण्णा माझ्या कानाशी लागले. "ह्यांचा फुगलाय. कधीही जाईल." या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मामा ठणठणीत आहेत आणि अजून लग्नांत देखरेख करतात.

मशीन दुरुस्त झालं तरी अण्णा ते थेट सुरू करत नसत. त्यांच्या भिंतीवर एक फळी आहे, तिला ते सिरीज बोर्ड म्हणतात. करंट आधी तिच्यावरच्या बल्बमधून जातो आणि मग मशीनला मिळतो. बल्ब लहान तर करंट थोडा. आधी पंचविसाचा बल्ब लावायचा, मग चाळिसाचा, मग साठाचा, शेवटी शंभराचा. शंभराचा मानवला की बोर्ड काढून सरळ भिंतीतला करंट.

मी विचारलं, "कंडेन्सर नवेकोरे घातलेत, मग ही मिरवणूक कशाला?"

"नव्याला गरज नाय," अण्णा म्हणाले. "मला आहे."

याला कारण दत्ताराम. दत्ताराम म्हणजे अण्णांचा धंद्यातला भागीदार आणि लहानपणचा मित्र. स्वभावाने अण्णांच्या अगदी उलट, घाईचा. पावसाळाभर माळ्यावर पडलेला अॅम्प्लिफायर एकदा नवरात्रातल्या नाटकासाठी खाली काढला. अण्णा आंब्यावर चढून कर्णा बांधत होते. प्रयोगाला उशीर झाला होता, लोक शिट्ट्या मारत होते. दत्तारामाने बोर्ड-बिर्ड न लावता बटण दाबलं. पहिला प्रवेश झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्यात नायिका नवऱ्याच्या मांडीवर प्राण सोडत असताना कंडेन्सर फुटला. सुतळी बॉम्बसारखा आवाज, धूर, कुजक्या मासळीसारखा वास. मेलेली नायिका उठून विंगेत पळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

झाडावरून अण्णा ओरडले, "दत्त्या, तुझ्या हाती करंट म्हणजे माकडाच्या हाती कोलीत!"

खाली सगळं गाव हसलं. फांदीवर बसलेला माणूस हे म्हणतोय म्हणून काही जण हसले असतील, पण दत्तारामाला ते हसू आपल्यासाठीच वाटलं. त्याने हातातली वायर खाली ठेवली आणि चालू लागला. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. दत्ताराम भाट्याला, अण्णा इकडे, मध्ये एक पूल.

गेल्या वर्षी अण्णांना कळलं, दत्तारामाचं हृदयाचं काही मुंबईला जाऊन करून आणलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच अॅम्प्लिफायर माळ्यावरून काढला. सगळे कंडेन्सर बदलले, पत्रा घासला, वॉल्व पुसले. मग मला बोलावून दाखवला. चालू मात्र केला नाही.

"बटण दत्त्यानं दाबायचं," ते म्हणाले. "मी त्याला इथं आणणार."

"मग आज जा."

"एकदम?" अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो कंडेन्सर फोडला होता.

पहिला महिना पंचविसाचा. रोज संध्याकाळी स्कूटर पूल ओलांडून दत्तारामाच्या घरावरून जायची, अण्णा सरळ समोर बघत. मग चाळिसाचा, म्हणजे घरासमोर एकदा हॉर्न. मग साठाचा लागला, आणि त्या दिवशी अण्णा आमच्याकडे आले ते पायरीवर न थांबता. त्यांनी हात वर केला होता आणि ओटीवरून दत्तारामानेही केला होता.

"आता जा हो आत," मी म्हटलं. माझ्या हिशेबाने हा सगळा प्रकार चारच पावलांचा होता.

"साठ पुरता मुरू दे. नवरात्रात शंभराचा लावतो."

नवरात्र आलं नाही. भाद्रपदातच एका सकाळी दत्ताराम गेला.

मी अण्णांना माझ्या गाडीवरून घेऊन गेलो. त्या दिवशी ते फाटकाशी थांबले नाहीत, तुळशीशी नाहीत, पायरीशी नाहीत. सरळ आत जाऊन दत्तारामाच्या पायांशी बसले.

दहाव्याला आम्ही पुन्हा गेलो. ओटीवर दोन खुर्च्या होत्या. अण्णा उभेच राहिले. दत्तारामाची बायको म्हणाली, "बसा भावजी, ती तुमचीच. रोज संध्याकाळी बाहेर काढून ठेवायचे. स्कूटर पुलावर आली की ह्यांना इथं कळायचं."

अण्णांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"मी म्हणायची, हाक मारा की हो. तर म्हणायचे, नको, अजून साठावर आहे तो. आपोआप येईल. मी एकदा घाई केली ती पुरे."

अण्णा खुर्चीत बसले. वहिनींनी चहा आणला, तो त्यांनी पूर्ण प्यायला. परतताना पुलावर काही म्हणाले, ते वाऱ्यात मला ऐकू आलं नाही, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी मला आत बोलावलं. अॅम्प्लिफायर टेबलावर होता. सिरीज बोर्डाकडे ते गेले नाहीत. पिन सरळ भिंतीत घातली आणि बटण दाबलं. मी नकळत मागे सरकलो.

समोरचा हिरवा दिवा लागला. मग हळूहळू वॉल्व तांबूस झाले. घरघर अजिबात नव्हती. अण्णा बटणावरचा हात न काढता तसेच उभे होते.

"एकदम दिला, भाऊ," ते म्हणाले. "काय नाय झालं."