तौनोचा ट्रक उकळणार नाही

मी सैमीकाकूंना शब्द दिला होता. "उकळणार नाही म्हणजे नाही! मी जिवंत असेपर्यंत नाही!"

(मेलेल्या माणसाच्या बायकोसमोर असं बोलू नये, हे तोंडातून निघाल्यावर कळलं.)

तौनो गेला फेब्रुवारीत, आमच्याकडच्या फिनलंडच्या खऱ्या थंडीत. जन्मभर त्यानं निळ्या ट्रकमधून जंगलातली लाकडं वाहिली, आणि जन्मभर तो ट्रक गावच्या ख्रिस्ती देवळाच्या चढावर उकळला. पहिल्या वळणाला वाफ, दुसऱ्याला ठप्प. मग तौनो ट्रकच्या पायरीवर बसून थर्मासमधली कॉफी प्यायचा आणि इंजिन निवायची वाट पाहायचा.

"स्वतःच्या लग्नालाही उशिरा आला तो," काकू म्हणाल्या. "मी देवळात उभी, आणि नवरदेव चढावर वाफेत! विल्यो, निदान या वेळी तरी त्याला वेळेवर पोचव रे."

शवपेटी त्याच्याच ट्रकवरून न्यायची होती. तीही लाकडांच्या भरल्या गाडीवर, कारण तौनो रिकामी गाडी कधी हाकत नसे.

ट्रक आठवडाभर माझ्या दुरुस्तीत होता. आता थर्मोस्टॅट. तो पाण्याच्या वाटेवरचा दरवान. पाणी ठरलेल्या अंशाला तापलं की दार उघडतो आणि त्याला रेडिएटरकडे गार व्हायला सोडतो. तौनोचा दरवान ब्याऐंशी अंशांचा. मी बसवला एकाहत्तरचा, म्हणजे दार लवकर उघडणार! वर दुप्पट जाडीचा रेडिएटर. वर दोन पंखे, कायम चालू!

शेजारचा कालेर्वो बघायला आला. "विल्या, हा ट्रक आहे की मासे ठेवायचं कपाट?"

"तू फक्त बघत राहा."

"आणि पुठ्ठा?"

हिवाळ्यात आमच्याकडे प्रत्येक ट्रकच्या तोंडाला पुठ्ठा लावतात, नाहीतर इंजिन तापतच नाही. तौनोचा पुठ्ठा तेलकट, जुना, कोपरे कुरतडलेला.

मी तो शेकोटीत टाकला. माझ्या व्यवस्थेला पुठ्ठा! इंजिन सुरू करून पाण्याच्या तापमानाच्या काट्याकडे बघितलं.

काटा: वीस.

निघालो. मी काळ्या कोटात चाक धरून, शेजारी काकू मांडीवर घोंगडी घेऊन, मागे लाकडांवर तौनो. त्याच्यामागे गावच्या गाड्या, अंत्ययात्रेच्या चालीनं. बाहेर उणे तीस.

काटा: वीस.

"विल्यो, हीटर लाव ना."

"लावलाय, काकू."

"मग हे थंड काय येतंय?"

हीटरला ऊब मिळते ती इंजिनच्या पाण्यातून, आणि पाणी होतं डोहासारखं गार; माझे दोन पंखे उणे तीसचा वारा थेट इंजिनवर फेकत होते. आमच्या श्वासांनी काच आतून गोठली. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून चालवू लागलो. भुवया पांढऱ्या! काकू तौनोच्या कंगव्यानं काच खरवडत होत्या. बर्फाचा भुगा त्यांच्या काळ्या टोपीवर पडत होता.

चढाच्या पायथ्याशी मला समोरचा रस्ता

दिसेना.

थांबलो. मागचे सगळे थांबले. कालेर्वो उतरून आला.

"पुठ्ठा कुठाय?"

मी बुटांकडे बघितलं.

"जाळलास?"

मी होकारार्थी मान हलवली.

"तौनो चाळीस वर्षं ट्रकवर, तू एक आठवडा. आणि पुठ्ठा जाळलास!"

काकूंनी मांडीवरची घोंगडी पुढे केली. तौनोच्या आईनं विणलेली, जाड लोकरीची.

"अर्ध्यावरच लावा," मी म्हणालो. पण माझं ऐकण्याचे दिवस गेले होते. त्या दोघांनी ट्रकचं तोंड तान्ह्या बाळासारखं गुंडाळलं, कडा आत खोचल्या. बांधायला दोरी नव्हती, म्हणून कालेर्वोनं पुष्पचक्राची पांढरी फीत सोडली. निघालो तेव्हा ट्रकच्या नाकावर सोनेरी अक्षरांत लिहिलेलं होतं: आता विसावा घे.

काटा: साठ. काचेवरचा बर्फ सुटला! काकूंनी हातमोजे काढले.

"ऊब आली बाई," त्या म्हणाल्या.

काटा: ऐंशी. पहिलं वळण. मागे लाकडांचा भार, पहिला गिअर. माझ्या दोन्ही पंख्यांनी घोंगडी अशी ओढून धरली होती की वाऱ्याची झुळूकही आत जाईना. दरवानानं दार सताड उघडलं होतं. पण उष्णतेला बाहेर जायला वाट होती कुठे?

काटा: शंभर. वर देवळाची घंटा सुरू झाली.

"विल्यो," काकू हळूच म्हणाल्या, "दुसरं वळण आलं."

काटा

आधी घोंगडीच्या कडांतून, मग सगळीकडून वाफ! उणे तीसमध्ये वाफ काय दिसते! झाडांच्या वर गेली. ट्रकनं फितीवरचा मजकूर वाचल्यासारखा विसावा घेतला.

मी चाकावर कपाळ टेकलं. "काकू, माझ्या हातून..."

काकू तिथे नव्हत्या. खाली पायरीवर बसल्या होत्या, हातात तौनोचा थर्मास. मागच्या गाड्यांतली माणसं वाफेभोवती जमून हात शेकत होती. पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या, त्या थंडीत.

वाफ बघून पास्टर हेल्का झग्यावर जाड जॅकेट घालून चढ उतरत आल्या. "सैमी, सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे. लग्नाच्या दिवशीही इथेच थांबला होता. मी वाट बघून बघून पांढऱ्या पोशाखात खाली चालत आले. मग आम्ही दोघं इथेच बसलो, या पायरीवर. कॉफी प्यायलो." त्यांनी झाकणात कॉफी ओतली. "वेळेवर आला असता तर मला वाटलं असतं, दुसऱ्याच कुणाला पुरतोय."

पास्टरबाई पायरीवर त्यांच्या शेजारी बसल्या. प्रार्थनेची सुरुवात तिथेच झाली. घंटा बराच वेळ वाजत राहिली.

नंतर, तौनोला पुरून झाल्यावर, देवळाच्या दालनात सगळ्यांबरोबर केक खाताना मला जरा धीर आला. झालं ते एकंदरीत बरंच झालं, नाही का? थोडंफार श्रेय माझ्या पंख्यांनाही...

कालेर्वोनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळे अजून ओले होते त्याचे.

"विल्या, माझाही ट्रॅक्टर तापतो हं चढावर."

"बघू ना! तुझ्यासाठी एकाहत्तरचा..."

"मी गेलो ना," तो म्हणाला, "की त्याला हात लावू नकोस."