एक वस्तू, एक जागा

"पेनड्राइव्ह वगैरे काही लागत नाही," स्टोअरकीपर म्हणाले. "एकाच घरातले दोन कॉम्प्युटर. एकमेकांना दिसले की झालं. अर्ध्या तासाचं काम."

हे स्टोअरकीपर निवृत्त झाले होते, पण फक्त कागदोपत्री. छत्तीस वर्षं त्यांनी एका कारखान्याचे नट, बोल्ट आणि बेअरिंगं सांभाळली आणि एकच नियम पाळला: एक वस्तू, एक जागा. तीच वस्तू दोन फळ्यांवर दिसली की एकीकडची काढून टाकायची. घरी बसल्यावर त्यांनी हा नियम चमचे, टॉवेल आणि औषधांना लावला. बायको लायब्ररीत नोकरीला होती. "आमच्याकडे एका पुस्तकाच्या पाच-पाच प्रती असतात," असं ती सुरुवातीला म्हणायची. पुढे पुढे तिने नाद सोडला.

तसंही घरात बोलणं कमीच झालं होतं. सासूबाई, म्हणजे बायकोची आई, आतल्या खोलीत पलंगावर असत. आधी त्या माणसं विसरल्या, मग शब्द, आणि गेल्या दोन महिन्यांत तर त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. बोलत होत्या तेव्हा बायकोने त्यांच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या. त्रेचाळीस रेकॉर्डिंगं. ती बाहेरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर उतरवली आणि उतरवताक्षणी स्टोअरकीपरांनी फोनमधली पुसून टाकली. का, ते वेगळं सांगायला नको.

घरी येणाऱ्या नर्सबाई परवाच म्हणाल्या होत्या, "त्यांना त्यांचाच आवाज ऐकवून बघा. कधी कधी माणूस पुन्हा बोलायला लागतं." बायकोने तेवढ्या एका वाक्यावर सगळी भिस्त ठेवली. पण बाहेरचा कॉम्प्युटर हलवण्यासारखा नव्हता आणि सासूबाईही नव्हत्या. आतल्या खोलीत एक जुना लॅपटॉप होता. बाहेरचा फोल्डर त्यावर दिसायला हवा, इतकंच.

दिसेना. स्टोअरकीपरांनी दोन्ही यंत्रं बंद करून चालू केली. मग आधी हे, नंतर ते. मग आधी ते, नंतर हे. बाहेरून आत, आतून बाहेर त्यांच्या येरझारा सुरू झाल्या. सासूबाईंची नजर दर वेळी त्यांच्यामागून जाई. त्या बिचाऱ्यांना वाटलं असेल, आज घरात बरीच माणसं आली आहेत.

अर्ध्या तासाचे अडीच तास झाले तेव्हा लॅपटॉपवर एक कॉम्प्युटर दिसला.

"सापडला!" स्टोअरकीपर म्हणाले आणि त्यांनी तो उघडला. पडद्यावर एक भलामोठा जबडा आला. खाली आणखी वीसेक जबडे होते.

बायकोने चष्मा लावला. "हे कुणाचे?"

"आपले नाहीत."

"ते मलाही दिसतंय. अहो, शेजारी दातांचे डॉक्टर राहतात."

स्टोअरकीपर तडक शेजारी गेले. "तुमचे काही जबडे आमच्याकडे आलेत," त्यांनी दारातच सांगितलं.

डॉक्टर सज्जन माणूस. त्यांनी हातमोजे काढले, विचार केला आणि म्हणाले, "जबडे इथेच आहेत, काका. तुमचा लॅपटॉप इकडे आलाय. तुमचं नेट बंद पडलं होतं तेव्हा मी पासवर्ड दिला होता, आठवतंय? तो अजून आमच्याच वायफायवर असेल."

"त्याला सहा महिने झाले."

"असू द्या हो," डॉक्टर म्हणाले.

स्टोअरकीपरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. उभ्या नोकरीत दुसऱ्या खात्याचा एक वॉशर त्यांनी कधी वापरला नव्हता. घरी येऊन त्यांनी लॅपटॉप आपल्या वायफायवर घेतला, आणि काय सांगावं, पाचव्या मिनिटाला बाहेरचा फोल्डर आत दिसायला लागला. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस.

बायकोने पहिलं रेकॉर्डिंग लावलं. लॅपटॉपमधून सासूबाई बोलू लागल्या. शाळेत जाताना ओढा कसा ओलांडायचो, ते सांगत होत्या. पलंगावरच्या सासूबाईंनी मान वळवली. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण हलले हे नक्की. बायकोला रडू आवरेना.

"आधी आईला चार घास भरवते, मग सगळी ऐकवते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त बसून राहा. कशाला हात लावू नका."

ती स्वयंपाकघरात गेली. स्टोअरकीपर बसून राहिले. पण छत्तीस वर्षांची खोड बसून राहत नाही. बाहेर त्रेचाळीस, आत त्रेचाळीस, तीच नावं, त्याच तारखा. माल आत पोचला होता, वाजवून बघितला होता. मग बाहेरचा कशाला? ते उठले, बाहेरच्या कॉम्प्युटरवरची त्रेचाळीस रेकॉर्डिंगं पुसली आणि लगेच कचरापेटीही रिकामी केली. काढलेली वस्तू पेटीत पडून राहणं म्हणजे पुन्हा दुसरी जागा झालीच की.

आत आले तर लॅपटॉपवरचा फोल्डर रिकामा.

त्यांनी लॅपटॉप बंद करून चालू केला. मग ते पुन्हा शेजारी गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि दात काढायच्या आधी बोलतात तशा आवाजात सांगितलं, "काका, आत काही आलंच नव्हतं. आतून फक्त बाहेरचं दिसत होतं. खिडकीतून अंगण दिसतं ना, तसं."

दुरुस्तीवाल्याने कॉम्प्युटर दोन दिवस ठेवून घेतला आणि मान हलवून परत केला. बायको एका शब्दाने बोलली नाही. ती बोलली असती तर स्टोअरकीपरांना बरं वाटलं असतं. आता घरात न बोलणाऱ्या दोघीजणी झाल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती वही-पेन घेऊन आईच्या उशाशी बसली. "निदान काय काय होतं ते तरी लिहून काढू," ती म्हणाली. "तुम्हाला आठवतंय?"

आठवतंय? स्टोअरकीपरांच्या अंगात जीव आला. त्यांनी खुर्ची ओढली आणि डोळे मिटून यादी सांगायला सुरुवात केली. एक, शाळेची वाट. दोन, आत्याचं लग्न. तीन, हरवलेली पैंजणं. तारखेसकट, क्रमाने, एकही न चुकता. बायको भराभरा लिहीत होती. एखादं नाव ऐकून थांबायची, आईची हकीकत आठवून चार ओळी लिहायची, कधी किंचित हसायची. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिने त्यांच्याकडे धड पाहिलं.

"सतरा, विहीर," ते म्हणाले.

तिचं पेन थांबलं. "हे मी ऐकलेलंच नाही. फोन चालू करून मी औषधं आणायला गेले होते. तेव्हा आईजवळ तुम्हीच बसला होतात ना? काय सांगितलं हो तिने विहिरीचं?"

स्टोअरकीपरांनी खूप आठवून पाहिलं. ते बसले होते, हे खरं. रेकॉर्डिंग मध्येच बंद पडू नये म्हणून फोनवर नजर ठेवून बसले होते. बायको पेन धरून थांबली होती. सासूबाईही त्यांच्याकडेच बघत होत्या.

"सहा मिनिटं बारा सेकंद," ते म्हणाले.